मेट्रो ३ वर जलद गाडी का नाही? आणि शेवटचं स्थानक गाड्यांची संख्या कसं ठरवतं?

कफपरेड_आरे (प्रश्न)

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते आहे. ३३.५ किमी, २७ स्थानकं, आणि प्रत्येक गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते. चर्चगेट-विरारला जलद आणि धीमी वेगळ्या असतात, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतही एक्सप्रेस आहेत. मग इथे एक आड एक गाडी काही स्थानकं वगळून का सोडत नाहीत? समजा कफ परेड, सीएसएमटी, दादर, बीकेसी, टी२ आणि आरे एवढेच थांबे ठेवले तर?

दुसरं म्हणजे, गर्दी वाढली की आपण म्हणतो गाड्या वाढवा. पण खरी मर्यादा बोगद्याची नसते, शेवटच्या स्थानकाची असते, असं वाचनात आलं. तिथे तर गाडी नुसती उलटी फिरते. जाणकारांनी आकडे देऊन समजावावं.

---

सांधेवाला

पहिल्या प्रश्नाचं आधी बघू. एक थांबा वगळून किती वाचतं? गाडी ताशी ८० किमीने, म्हणजे सेकंदाला २२ मीटरने धावते आहे असं धरा. वेग धरण्याचा आणि ब्रेकचा दर दोन्ही सेकंदाला साधारण १ मीटर प्रति सेकंद. न थांबता जाणाऱ्या गाडीच्या तुलनेत थांबून पुन्हा तोच वेग गाठण्यात २२ सेकंद जादा जातात, दारं उघडी राहण्याचे आणखी ३०. म्हणजे एका थांब्यामागे सुमारे ५० सेकंद. बारा थांबे गाळले तर दहा मिनिटं. हे थोडं नाही, म्हणून मोह होतो.

पण पुढे धीमी गाडी आहे. दोन गाड्यांत ४ मिनिटं अंतर आहे आणि सुरक्षितपणे ते १०० सेकंदांपर्यंत खाली नेता येतं असं समजा. हातात उरले १४० सेकंद. तिसरा थांबा गाळण्याआधीच जलद गाडी धीमीच्या शेपटीला लागते आणि पुढचा सगळा प्रवास तिच्याच चालीने करते. सुटतानाच जलदच्या पुढे ३८० सेकंद आणि मागे १०० सेकंद असं वाकडं वेळापत्रक केलं तर पाच-साडेपाच थांबे गाळता येतात. पण मग धीमीच्या प्रवाशांना एकदा दीड मिनिटात आणि एकदा साडेसहा मिनिटांत गाडी मिळते. मोठ्या अंतरानंतरच्या गाडीला दुप्पट गर्दी, त्यामुळे दारं जास्त वेळ उघडी, त्यामुळे ती गाडी आणखी मागे पडते. घोटाळा तिथून सुरू होतो.

ओलांडून जायचं तर मधल्या एखाद्या स्थानकावर जास्तीचे रूळ हवेत. धीमी तिथे बाजूला उभी राहते, १०० सेकंदांनी जलद जाते, आणखी १०० सेकंदांनी धीमी सुटते. नेहमीचा थांबा वजा केला तरी धीमीचे जवळजवळ तीन मिनिटं फुकट.

मेट्रो ३ मध्ये तशी जागा नाही. बोगदे यंत्राने खोदलेले, एका बोगद्यात एकच रूळ. चार रुळांच्या स्थानकासाठी खड्डा जवळपास दुप्पट रुंद लागतो. गिरगाव-काळबादेवीला वर रस्ता इतका अरुंद की दोन रुळांचे फलाटसुद्धा उघडा खड्डा न करता एनएटीएम पद्धतीने आतून खणावे लागले. तिथे चार रूळ बसवायचे म्हणजे वरच्या इमारती पाडायच्या.

---

चौपदरी

न्यूयॉर्कशी तुलना करताना बोगदा कसा खणला ते आधी पाहावं लागतं. १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली पहिली भुयारी रेल्वे रस्ता वरून उकरून, खाली चौकोनी पेटी बांधून, पुन्हा झाकून केली. मुख्य अभियंता विल्यम बार्कले पार्सन्स यांनी ब्रुकलिन ब्रिजपासून ९६ व्या रस्त्यापर्यंत पहिल्या दिवसापासून चार रूळ ठेवले. रस्ता उकरायचाच आहे तर पेटी थोडी रुंद केली, एवढाच जादा खर्च. आजच्या खोल बोगद्यात तिसरा रूळ म्हणजे तिसरा बोगदा.

रुळांची मांडणीही बघण्यासारखी आहे. मधले दोन एक्सप्रेसचे, बाहेरचे दोन लोकलचे. लहान स्थानकावर फक्त बाहेरच्या बाजूंना दोन फलाट बांधले की काम झालं, एक्सप्रेस मधून निघून जाते. मोठ्या स्थानकावर एकाच दिशेची लोकल आणि एक्सप्रेस यांच्या मधोमध फलाट येतो. लोकलमधून उतरा, दहा पावलं चाला, समोर एक्सप्रेस.

मुंबईत जोड्या दिशेनुसार नाहीत, वेगानुसार आहेत: धीमीचे अप-डाऊन शेजारी आणि जलदचे अप-डाऊन शेजारी. पश्चिम रेल्वेच्या दादरला जलदवरून धीमीवर जायला पूल चढावा लागतो तो यामुळेच. प्रवाशासाठी ही मांडणी त्रासाची आहे, पण तिचा एक मोठा फायदा लोक विसरतात. अंधेरी धीमी मधेच उलटवायची असेल तर ती फक्त धीमीच्या जोडीतच आडवी जाते, जलद मार्गाला धक्का लागत नाही. न्यूयॉर्कच्या मांडणीत लोकल मधेच उलटवायची तर दोन्ही एक्सप्रेस मार्ग कापावे लागतात. म्हणून ब्रुकलिन ब्रिजला ६ क्रमांकाच्या गाड्या आजही जुन्या सिटी हॉल स्थानकाच्या वळशातून फिरून परत येतात. ते स्थानक प्रवाशांसाठी १९४५ च्या अखेरीस बंद झालं, पण वळसा अजून रोज कामात आहे.

एक आड एक थांबे देणंही तिथे करून झालं आहे. १ आणि ९ क्रमांकाच्या गाड्या १९८९ पासून असं करायच्या, २००५ मध्ये ते थांबवलं. वगळलेल्या स्थानकांवर वाट पाहण्याचा वेळ दुप्पट होतो आणि बहुतेकांची बचत दोन-तीन मिनिटांचीच. जे-झेड मार्गावर मात्र गर्दीच्या वेळी गर्दीच्या दिशेने ते अजून चालू आहे.

---

शेवटचा_फलाट

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वात जास्त आढळणारी रचना: शेवटी दोन रूळ, मधे एक फलाट, आणि फलाटाच्या अलीकडे कात्रीसारखा क्रॉसओव्हर, म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन आडवे मार्ग. गाडी १ नंबरला सरळ येते आणि जाताना आडवी जाते. २ नंबरला आडवी येते आणि सरळ जाते. १ मध्ये येणारी आणि २ मधून सुटणारी एकाच वेळी चालू शकतात. २ मध्ये येणारी आणि १ मधून सुटणारी कधीच नाही. मर्यादा या दुसऱ्या जोडीची आहे.

आठ डब्यांची गाडी १८० मीटर धरा. येताना सिग्नलपासून कात्री ओलांडून शेपूट मोकळी होईपर्यंत साधारण ३३० मीटर, ताशी ३० ने ४० सेकंद. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ, फिरून कुलूपबंद व्हायला आणि सिग्नल मिळायला १२. सुटणारी गाडी उभ्या स्थितीतून ताशी ३५ गाठत कात्रीबाहेर पडायला ३७. पुन्हा सांधे १२. बेरीज १०१ सेकंद. कागदावर ही किमान मर्यादा. प्रत्यक्षात उशिरासाठी थोडी हवा ठेवून १२० सेकंद. बोगद्यात ९० सेकंदांच्या अंतराने गाड्या सोडू देणारे सिग्नल बसवले तरी शेवटचं स्थानक १२० च्या खाली जाऊ देत नाही.

आता यात काय बिघडतं ते.

क्रॉसओव्हर फलाटापासून लांब गेला तर प्रत्येक मीटर महागात पडतो. कात्री फलाटापासून २०० मीटर दूर असेल तर येण्याजाण्यात मिळून सुमारे ४५ सेकंद वाया जातात, आणि तेवढा वेळ तो रूळ अडलेला. न्यूयॉर्कचं जमेका सेंटर, १९८८ चं, याचं ठळक उदाहरण. मार्ग पुढे वाढवायचा म्हणून क्रॉसओव्हर दूर ठेवला, मार्ग वाढलाच नाही, आणि आता तिथे तासाला ई मार्गाच्या साधारण १२ गाड्याच उलटवता येतात. गर्दीच्या वेळी काही ई गाड्या म्हणून जमेकाच्याच १७९ व्या रस्त्याच्या स्थानकाला पाठवतात. तिथे चार रूळ आहेत आणि स्थानकाच्या पुढे दोन पातळ्यांवर गाड्या फिरवायचे रूळ. तात्पुरतं म्हणून बांधलेलं शेवटचं स्थानक पिढ्यानपिढ्या तसंच राहतं, हे आराखडा करणाऱ्यांनी गृहीतच धरावं.

दुसरं, सांध्याचा कोन. भारतीय रेल्वेच्या १:८.५ च्या सांध्यावर ताशी १५ ची मर्यादा, १:१२ वर ३० ची. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटर, सांध्याचे शंभर धरून ३५० मीटर. १५ ने ८४ सेकंद, ३० ने ४२. जागा वाचवायला छोटा सांधा बसवला की दर गाडीमागे ४२ सेकंद कायमचे गेले.

तिसरं, कात्रीच्या मधल्या छेदावर झीज फार होते, आणि तिथे बिघाड झाला की दोन्ही आडवे मार्ग एकदम बंद. जागा असेल तर दोन सुटे क्रॉसओव्हर एकामागे एक टाकावेत. लांबी वाढते, वर म्हटलेले काही सेकंद जातात, पण एक बिघडला तरी दुसरा चालतो. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या भागात मला ही अदलाबदल योग्य वाटते.

---

कफपरेड_आरे

फारच उपयोगी. दोन शंका. चालकाला दुसऱ्या टोकाला जावं लागतं, तो वेळ कुठे धरला? आणि चर्चगेटला गाडी इतकी सावकाश का शिरते?

---

शेवटचा_फलाट

१२० सेकंदांच्या अंतराने वरच्या रचनेत प्रत्येक गाडीला फलाटावर जेमतेम दोन-अडीच मिनिटं मिळतात. १८० मीटर चालायला भरभर पावलांनीही १३८ सेकंद, वर केबिन बंद करणं, दुसरी सुरू करणं, ब्रेक तपासणं. म्हणजे बसत नाही. उपाय असा की आधीच्या गाडीचा चालक फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, गाडी थांबताच तो ताबा घेतो, आणि आलेला चालक चालत जाऊन पुढची गाडी घेतो. यासाठी टर्मिनसवर कायम एक-दोन चालक जादा लागतात. गर्दीच्या वेळी ते कमी पडले तर वेळापत्रक पहिल्या तासाभरातच कोलमडतं. १५० सेकंदांच्या अंतरालाही एकाच चालकाचं गणित काठावरच असतं, १८० ला सुखाने जमतं.

---

सांधेवाला

चर्चगेटबद्दल: तिथे चारही रूळ बफरला, म्हणजे टोकाच्या अडथळ्याला, संपतात, पुढे एक मीटरही मोकळा रूळ नाही. चूक झाली तर पोटात घ्यायला जागा नाही, म्हणून वेग आधीच उतरवावा लागतो. जून २०१५ मध्ये एक लोकल बफर ओलांडून फलाटावर चढली होती. लंडनच्या मूरगेटला फेब्रुवारी १९७५ मध्ये गाडी न थांबता बोगद्याच्या शेवटच्या भिंतीवर आदळली, ४३ जण गेले. त्यानंतर तिथल्या बंद टोकाच्या स्थानकांवर वेग जास्त असेल तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवली गेली.

या सावधगिरीची किंमत सेकंदांत मोजावी लागते. शेवटचे २५० मीटर ताशी ३० ऐवजी १५ ने आलात तर ३० च्या जागी ६० सेकंद. फलाटाच्या पुढे गाडीभर मोकळा रूळ ठेवला तर हा दंड बहुतेक टळतो. न्यूयॉर्कच्या ७ क्रमांकाच्या मार्गाचं शेवटचं स्थानक टाइम्स स्क्वेअरहून २०१५ मध्ये हडसन यार्ड्सला नेलं, तेव्हा रूळ स्थानकाच्याही बरेच पुढे दक्षिणेकडे नेले. तिथे गाड्या उभ्या राहतात आणि येणारी गाडी निर्धास्त वेगाने शिरते.

पुढे दोन सायडिंग, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचे रूळ, असतील तर गाडी एका फलाटावर रिकामी करून मागे नेता येते आणि दुसऱ्या फलाटावर भरायला आणता येते. अलीकडची कात्री मग लागतच नाही. पण फेरीत चार-पाच मिनिटं वाढतात, म्हणजे दोन मिनिटांच्या अंतराला दोन-तीन रेक (डब्यांचे पूर्ण संच) जादा, आणि गाडी खरोखर रिकामी झाली का हे पाहायला माणसं हवीत.

वळसा हा उपाय ऐकायला छान, पण न्यूयॉर्कच्या जुन्या साउथ फेरीला वळण इतकं तीव्र होतं की फलाटाला दहापैकी पाचच डबे लागायचे आणि फटीवर सरकत्या पट्ट्या टाकाव्या लागायच्या. २००९ मध्ये तिथे दोन रुळांचं सरळ स्थानक बांधलं.

आणि आपल्याकडचं सर्वात ताणलेलं उदाहरण म्हणजे सीएसएमटीची हार्बर. पनवेल, बेलापूर, गोरेगाव अशा सगळ्या दिशांच्या गाड्या १ आणि २ या दोनच फलाटांवर उलटतात. तिथे नवीन रेक आणून गाड्या वाढत नाहीत, त्याचं कारण वरच्या बेरजेत आहे.

---

रुळांचा_नकाशा

एक दुरुस्ती. दोन रुळांवर जलद सेवा अशक्य आहे असं वरून वाटू शकतं, तसं नाही. टोकियोच्या फुकुतोशिन मार्गावर २००८ पासून एक्सप्रेस आहेत, हिगाशी-शिंजुकूला धीमी बाजूला घेतात. तोझाई मार्गावर कासाई आणि म्योदेनला तेच. सेऊलचा ९ क्रमांकाचा मार्ग २००९ मध्ये सुरू झाला तोच एक्सप्रेससह, ठरावीक स्थानकांवर ओलांडण्याचे रूळ आधीच बांधून.

---

सांधेवाला

बरोबर, आणि सेऊलचं पुढचंही सांगायला हवं. चार डब्यांच्या एक्सप्रेस लगेच खच्चून भरल्या, धीम्या तुलनेने मोकळ्या, आणि नंतर गाड्या सहा डब्यांच्या कराव्या लागल्या. जिथे सगळेच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात तिथे सगळे जलदच पकडतात. आपल्याकडे ते विरार जलदला रोज दिसतं.

तुमच्या सहा थांब्यांच्या गाडीसाठी महालक्ष्मी-वरळीच्या आसपास एक आणि सांताक्रूझजवळ एक अशी किमान दोन ओलांडण्याची स्थानकं लागली असती, आणि दोन गाड्यांतलं अंतर पाच-सहा मिनिटांच्या खाली नेता आलं नसतं. मेट्रो ३ सारख्या शहराच्या पोटातल्या मार्गावर मी ते अंतर कमी करण्याच्या बाजूने आहे. नव्या मार्गांच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा शेवटच्या स्थानकाचा रुळांचा नकाशा मागून घ्या. क्रॉसओव्हर फलाटापासून किती मीटरवर, सांधा कोणत्या कोनाचा, फलाटाच्या पुढे किती रूळ मोकळा, हे तिन्ही आकडे त्यात असतात.