मदत हवी आहे: होल, फुल, कम्प्लीट, एंटायर
मंडळी, भाचीला इंग्रजी शिकवतोय, दहावीला आहे, आणि ती या चारांतला फरक विचारून पिडतेय, आपलं 'अख्खा' नि 'पूर्ण' म्हटलं की भागतं ओ! होल आणि एंटायर जवळपास सारखेच, एंटायरमध्ये जरा जोर जास्त, कम्प्लीट म्हणजे काही सुटलेलं नाही, जसा कॅरमच्या सोंगट्यांचा कम्प्लीट सेट, इथपर्यंत ठीक. पण फुल नेम चालतं तर होल नेम का नाही? कम्प्लीट स्ट्रेंजर, टोटल स्ट्रेंजर दोन्ही बरोबर, फुल स्ट्रेंजर मात्र कोणीच म्हणत नाही. काही नियम आहे का निव्वळ घोकायचं? डिक्शनरी बघा म्हणू नका प्लीज, होलचा अर्थ एंटायर आणि एंटायरचा होल दिलाय तिथे.