सॅलॅमँडर, खार आणि शेकरू : ‘प्रजाती’ म्हणावं की ‘जाती’?

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाला ‘सॅलॅमँडर आणि खार या दोन प्रजातींची तुलना’ असं शीर्षक दिलंय. ‘प्रजाती’ बरोबर आहे का? आणि सॅलॅमँडरला ‘पाणसरडा’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रांत स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतात, आणि ते आता इतकं रुळलंय की बोलण्यात कुणाला टोकू नये. प्रकल्पात मात्र फरक पाळावा. शेकरू या मोठ्या खारीच्या ‘रॅटुफा इंडिका’ या शास्त्रीय नावात रॅटुफा ही प्रजाती, आणि पूर्ण नाव मिळून जाती.

पण शीर्षकात याहून मोठी अडचण आहे. सॅलॅमँडर हा उभयचरांचा अख्खा गण, म्हणजे अनेक कुलांचा गट आहे, त्यात सातशेहून जास्त जाती येतात. खार हे सस्तन प्राण्यांचं एक कुल, म्हणजे अनेक प्रजातींचा गट. म्हणजे तुलना नेमकी कोणाची, तेच ठरलेलं नाही. माझं ऐकाल तर भारतातल्याच दोन जाती घ्या : भीमाशंकरच्या जंगलातलं आपलं शेकरू आणि दार्जिलिंगकडचा हिमालयी सॅलॅमँडर, टायलोटोट्रायटन हिमालयानस. हा २०१५ साली वेगळी जाती म्हणून नोंदला गेला. त्याआधी तो टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस या जातीतच धरत.

‘पाणसरडा’ नको. सरड्याच्या अंगावर खवले असतात, तो सरपटणारा प्राणी. सॅलॅमँडरला खवले नसतात आणि त्याची कातडी ओलसर राहावी लागते. हिमालयी सॅलॅमँडर पावसाळ्यात तळ्यांत उतरून अंडी घालतो, पिल्लांना आधी डोक्याच्या बाजूंना बाहेर आलेले कल्ले असतात, आणि थंडीत मोठे प्राणी दगडांखाली निपचित पडून राहतात. शेकरू उष्ण रक्ताचं, बारमाही जागं, पिल्लांना दूध पाजणारं. झाडाच्या शेंड्याकडे काटक्यापानांची घरटी बांधतं, तीही एकाहून जास्त. दोघांत समान म्हणावं ते पाठीचा कणा, चार पाय आणि शेपूट.

प्रश्न : मग ‘खार झाडावर, सॅलॅमँडर पाण्यात’ असा सोपा भेद सांगितला तर?

उत्तर : तो टिकणार नाही. लडाखमधला मॅर्मट खारीच्याच कुलातला, पण बिळात राहतो. उलट कॅलिफोर्नियात एक सॅलॅमँडर उंच रेडवूड वृक्षांच्या शेंड्यांवर राहतो. वरून उडी घेतली की पाय पसरून हवेत स्वतःला सावरत खाली येतो. २०२२ साली संशोधकांनी हे वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) तपासलं. भेद सांगायचा तर कातडी, अंडी आणि दूध यांवरून सांगा.

लिंगाचंही आत्ताच ठरवून घ्या : तो सॅलॅमँडर, ती खार, ते शेकरू. अनेकवचनात सॅलॅमँडर तसाच राहतो, खारचं खारी होतं, आणि पाखरूचं पाखरं तसं शेकरूचं शेकरं.