मीटिंगमध्ये सगळे ‘ओके सर’, अन् रिजेक्शन वाढायलंय

वाळूजकर: वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं) शिफ्ट बघतो. लाईनवर निम्मी पोरं गंगापूर-पैठणकडची, बाकी बिहार-यूपीची. नवे मॅनेजर आले अन् फतवा निघाला: सकाळची मीटिंग, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं इंग्रजीत. आता मीटिंग झटक्यात उरकते. आधी डाय (साचा) घासली, बर (पार्टच्या कडेला खरखरीत धार) यायला लागली की ऑपरेटर तिथूनच बोंबलायचा. आता क्वालिटीवाला पार्ट अडवतो तेव्हा कळतं. पोरं तीच, मशिनी त्याच. मॅनेजर म्हणतात शिस्त आली. मला वाटतं पोरं तोंड मिटून बसायलीत. वर काय सांगावं?

जुना_फोरमन: शिस्त कसली, भेव हाय ते. आमच्या चिकलठाण्यात अर्धी मराठी, अर्धी हिंदी चालायची. ‘क्या रे, पंच बसला का नीट?’ असं इचारलं की पोरगं खरं सांगायचं. ड्रॉइंग, चेकशीट इंग्रजीत राहू दे, ऑडिटला तेच लागतं. बोलणं मोकळं सोड.

एचआर_शेंद्रा: एवढं सोपं नाही. जपानच्या राकुतेन या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीनं 2010 मध्ये सगळं काम इंग्रजीत करायचं जाहीर केलं अन् चालवलं की. उद्या पुण्याचा, चेन्नईचा इंजिनिअर आला तर?

नांदेडची_मास्तरीण: राकुतेननं 2012 पर्यंत मुदत दिली होती, शिवाय तिथं कामच परदेशी बाजारासाठी वाढवायचं होतं. प्रेस ऑपरेटरला ते कशाला? एमी एडमंडसन या अमेरिकेतल्या संशोधक, त्यांनी दवाखान्यांतल्या टीम तपासल्या, तर चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त निघाली. तिथं सांगायला कुणी भीत नव्हतं. पुढं 1999 मध्ये माल बनवणाऱ्या एका कंपनीतल्या 51 टीमवरही त्यांनी हेच मांडलं: बोलायची धास्ती नसेल तर टीम शिकते, काम सुधारतं. म्हणून तुमच्या मॅनेजरांना म्हणावं, तक्रार कमी झाली याचा आनंद इतक्यात नको.

अजून एक. 2010 च्या एका अभ्यासात एकमेकांच्या बोलण्याची ढब जुळलेल्या गटांत एकी जास्त दिसली. समोरासमोर बसलेल्या गटांत काम पण सरस झालं, चॅटवरच्या गटांत मात्र तसं नाही. तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा आधी मीटिंग इंग्रजीतून सोडवून घ्या. पण एका भाषेत बोलले म्हणजे भरवसा आला असंही नाही हं, मराठीत खडसावणारे सुपरवायझर काय कमी आहेत?

वाळूजकर: हे शेवटचं आमच्या दुसऱ्या शिफ्टला लागू हाय, ते मरू द्या. बिघाड कधी सुरू झाला अन् कळवला कधी, हे दोन रकाने आजपासून रजिस्टरला टाकतो. मॅनेजरला भाषेचं नाही, त्या वेळेचं दाखवतो. बिहारची पोरं मीटिंगला हिंदीत बोलली तर चालेल का, हे मात्र आधीच विचारून ठेवतो.