सीमेवरच्या रानातील ओलावा सेन्सरची नोंद सर्व्हरपर्यंत सलग पोहोचत नाही: फोर-जी मॉडेम आणि एमक्यूटीटीची मांडणी तपासून हवी आहे

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

सर्वांना नमस्कार.

कोगनोळीच्या बाजूला, कागल तालुक्याच्या हद्दीला जवळजवळ लागूनच आमचे सव्वादोन एकर उसाचे रान आहे. वडील आजही मूठभर माती दाबून वाफसा ओळखतात आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. परंतु मी नोकरीनिमित्त बेळगावात असतो, त्यांचे गुडघे आता रोज बांधापर्यंत जाऊ देत नाहीत, आणि पाण्याची पुढची पाळी केव्हा द्यायची हे आम्हाला फोनवर बोलून ठरवावे लागते. म्हणून गेल्या दोन महिन्यांत मी रानात दोन ठिकाणी ओलावा सेन्सर बसवले आहेत.

प्रत्येक ठिकाणी आरएस-४८५ या तारजोडणीचा, ओल, तापमान आणि क्षारता मोजणारा प्रोब (मातीत बसवायचा काट्यांचा सेन्सर) आहे. ईएसपी-३२ बोर्ड (छोटा नियंत्रक) त्याला मॉडबस या संवादपद्धतीने आकडे विचारतो, फोर-जी मॉडेम चालू करतो, नेटवर्क मिळण्याची २० सेकंद वाट पाहतो, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरील एमक्यूटीटी (लहान संदेश पोहोचवण्याची पद्धत) ब्रोकरकडे, म्हणजे संदेश स्वीकारून पुढे देणाऱ्या प्रोग्रामकडे, १८८३ पोर्टवर आकडे पाठवतो आणि वीज वाचावी म्हणून लगेच मॉडेमचा पुरवठा तोडून झोपी जातो. हे दर १५ मिनिटांनी होते. लिथियम सेल आणि लहान सोलर पॅनेल यांच्यावर सर्व चालते. प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला नाही. मॉडेमसोबत आलेला नमुना घेऊन पबसबक्लायंट लायब्ररी जोडली आणि तोच प्रोग्राम दोन्ही बोर्डांत भरला.

बेळगावात घराच्या गच्चीवर आठ दिवस एकही नोंद चुकली नाही. रानात मात्र दिवसाला ९६ नोंदी यायला हव्यात, तिथे कधी ३० येतात, कधी ७०, आणि त्यांच्या वेळांत कोणताही क्रम दिसत नाही. त्याच जागी उभे राहून फोन पाहिला तर रेंजच्या चारही काड्या भरलेल्या असतात. शिवाय दोन्ही सेन्सर एकाच वेळी चालू असले की गळती आणखी वाढते.

दुसरी अडचण मातीची आहे. पाळी दिल्यानंतर चौथ्या दिवशी एका प्रोबचा आकडा एकाएकी १२ टक्क्यांवर उतरला. वडिलांनी शेजारची माती उकरून पाहिली, तर ती चांगली ओली होती. वडिलांनी त्यावर काही म्हटले नाही, पण त्यांचा या यंत्रावरचा विश्वास उडू नये असे मला मनापासून वाटते.

पुढे भावकीतील आणखी चार रानांत असेच सेन्सर बसवायचे आहेत. प्रत्येकाला वेगळे सिम घेणे योग्य, की लोरावॅनकडे (सिमशिवाय लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओ पद्धतीकडे) वळावे, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

सोल्डरगन (वडगाव, बेळगाव)

आपण लिहिलेल्या वर्णनातच बरीचशी उत्तरे दडलेली आहेत, त्यामुळे क्रमाने पाहू.

प्रथम मोजणे आणि पाठवणे यांची फारकत करावी. प्रत्येक वाचन पाठवण्यापूर्वी वेळेसह बोर्डाच्या फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) लिहून ठेवावे. सर्व्हरवर नसलेली नोंद तिथे सापडली तर दोष मॉडेमपासून पुढे आहे; तिथेही नसेल तर प्रोब, मॉडबस किंवा वीजपुरवठा तपासायला हवा. ही सोय नसेल तर माणूस महिनाभर चुकीच्या टोकाला शोधत राहतो. ती असली की न गेलेल्या नोंदी पुढच्या खेपेला पाठवताही येतात.

आता मुख्य शंका. आपले रान हद्दीवर आहे. दूरसंचाराच्या दृष्टीने कर्नाटक हे एक सर्कल (सेवाक्षेत्र) आणि महाराष्ट्र-गोवा मिळून दुसरे सर्कल. कंपनी तीच असली तरी दोन्ही सर्कलमध्ये तिच्या जाळ्याचा संकेतांक वेगळा असू शकतो. आपले सिम कर्नाटकातले असणार, आणि रानात कागलच्या बाजूचा टॉवर जास्त ताकदीने पोहोचत असणार. फोन अशा वेळी न सांगता रोमिंगवर जातो आणि आपल्याला काड्या भरलेल्या दिसतात. मॉडेमही तिथे नोंदणी करतो, पण त्याला नोंदणीची स्थिती विचारणाऱ्या सीईआरईजी या आज्ञेच्या उत्तरात घरच्या जाळ्यावर १ हा आकडा मिळतो, तर रोमिंगवर ५. अनेक नमुना प्रोग्राम केवळ १ ची वाट पाहतात. मॉडेम ‘मी जोडला गेलो आहे’ असे सांगत असताना प्रोग्राम ‘नेटवर्क नाही’ असे ठरवून झोपी जातो. ज्या खेपेला कर्नाटकातला टॉवर मिळतो तेवढीच नोंद पोहोचते, आणि म्हणूनच आपल्याला वेळांचा क्रम लागत नाही. बेळगावच्या गच्चीवर हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते.

म्हणून १ आणि ५ ही दोन्ही उत्तरे स्वीकारावीत. त्याचबरोबर कंपनी निवडण्याची आज्ञा, म्हणजे सीओपीएस, स्वयंचलित स्थितीत म्हणजे ० वर असल्याची खात्री करावी, कारण नमुन्यात एखादा ठरावीक संकेतांक घालून ठेवलेला असला तर मॉडेम दुसऱ्या जाळ्याकडे वळणारच नाही. पुरवठा पूर्ण तोडलेल्या मॉडेमला पुन्हा जाळे शोधायला वेळ लागतो. २० सेकंद अपुरे आहेत, निदान ९० द्यावेत. सिमवर रोमिंगमध्ये डेटा चालू आहे का, हेही पाहून घ्यावे. जागेवर जाऊन सीएसक्यू आज्ञेने सिग्नल वाचावा: उत्तर ० ते ३१ मध्ये येते, त्याची दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक) मिळतो, म्हणजे १७ आले तर उणे ७९. उत्तर ९९ आले तर सिग्नल मोजताच आलेला नाही असे समजावे.

दोन्ही सेन्सर मिळून गळती वाढते, याचे कारण मात्र वेगळे आहे आणि ते जवळजवळ निश्चित आहे. एकच प्रोग्राम दोन्ही बोर्डांत भरल्यामुळे दोघांचा क्लायंट आयडी (ब्रोकरला सांगायचे स्वतःचे नाव) एकच झाला आहे. त्याच नावाने दुसरा क्लायंट (इथे बोर्ड) आला की ब्रोकरने पहिल्याची जोडणी तोडावी, असा एमक्यूटीटीचा नियमच आहे. प्रत्येक बोर्डाच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या स्वतंत्र हार्डवेअर क्रमांकावरून, वेगळे नाव तयार करावे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पबसबक्लायंट लायब्ररी संदेश केवळ क्यूओएस (संदेश पोहोचण्याच्या खात्रीची पातळी) ० वर पाठवते, म्हणजे पोच मागत नाही. संदेश मॉडेमच्या स्मृतीत उतरला की आपला प्रोग्राम पुढे जातो आणि पुरवठा तोडतो. तो टॉवरकडे गेला की नाही हे कुणीच पाहिलेले नसते. क्यूओएस १ देणारी लायब्ररी वापरावी आणि ब्रोकरची पोच आल्यानंतरच मॉडेम बंद करावा. क्यूओएस १ मध्ये एखादा संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्यावा आणि दुहेरी नोंद सर्व्हरवर गाळावी.

१८८३ वर नाव आणि पासवर्ड उघड्यावर जातात. हे सर्व स्थिरावले की टीएलएससह, म्हणजे कूटबद्ध जोडणीसह, ८८८३ वर जावे. सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्यासाठी बोर्डाचे घड्याळ बरोबर लागते आणि पुरवठा गेल्यावर ते सन १९७० पासून मोजू लागते, म्हणून आधी मॉडेमकडून जाळ्याची वेळ घ्यावी, मग जोडणी करावी.

---

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

सर, मनःपूर्वक आभार. रविवारी लॅपटॉप घेऊन रानात बसलो. सीएसक्यू १९ आणि सीईआरईजीचे उत्तर ५! प्रोग्राम उघडून पाहिला, तर त्यात खरोखरच केवळ १ साठी तपासणी होती. ती ओळ बदलली, वाट पाहण्याची मुदत ९० सेकंद केली आणि दोन्ही बोर्डांना वेगळे क्लायंट आयडी दिले. सोमवारी दोन्हीकडून ९० च्या पुढे नोंदी आल्या. पोच घेणारी लायब्ररी अजून जोडायची आहे.

मातीच्या आकड्यांबद्दल कुणी सांगितले तर बरे होईल.

---

कृष्णाकाठ (कागवाड)

मातीबद्दल मी लिहितो, कारण त्यात माझा एक पूर्ण हंगाम गेला आहे.

आपले रान काळ्या मातीचे असेल, तर चौथ्या दिवशी एकाएकी उतरलेला आकडा ही भेगेची खूण आहे. काळी माती वाळताना आकसते आणि प्रोबच्या काट्यांलगत पहिली चीर पडते. हा सेन्सर मातीची विद्युत-धारणक्षमता मोजतो. पाण्याची ती फार मोठी आणि हवेची अगदी कमी असते, त्यामुळे काट्याला हवेचा पातळसा पदर लागला तरी आजूबाजूला ओल असूनही आकडा कोसळतो. ओल हळूहळू उतरते, भेग एकदम पडते. आलेखावर हा फरक स्पष्ट दिसतो.

मी प्रोब वरून खुपसणे सोडून दिले. फूटभर खड्डा काढावा, त्याच जागेच्या मातीचा दाट चिखल करावा, प्रोब खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत आडवा बसवून त्याच्याभोवती चिखल दाबावा आणि खड्डा थर लावत भरावा. त्यानंतर एक पाळी जाईपर्यंतच्या आकड्यांवर विसंबू नये. वायर खालून वळण देऊन वर काढली म्हणजे पाणी तिच्या कडेने प्रोबपर्यंत झिरपत नाही.

कारखान्याने दिलेले मापन आपल्या मातीला लागू पडेलच असे नाही. घनफळ ठाऊक असलेली लोखंडी कडी, समजा १०० घन सेंटिमीटरची, प्रोबच्या खोलीवर ठोकून माती अखंड काढावी, वजन करावे, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. ओले वजन १६६ ग्रॅम आणि वाळलेले १३० आले, तर ३६ ग्रॅम पाणी, म्हणजेच घनफळाने ३६ टक्के ओल. पाळीनंतर लगेच, वाफशावर आणि पाळीच्या आदल्या दिवशी असे तीन नमुने घेतले तरी आपल्या रानाची रेघ काढता येते. वाफशाचा दिवस वडिलांनाच ठरवू द्यावा. त्यांच्या मुठीतला वाफसा आणि त्या दिवशीचा आकडा यांची सांगड एकदा बसली, की फोनवर बोलताना दोघांची भाषा एक होते.

आमच्याकडे कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात आणखी एक अडचण येते. क्षार वाढले की स्वस्त सेन्सर ओल जास्त दाखवतो, आणि खत दिल्यानंतरही काही दिवस तसेच घडते. आपला प्रोब क्षारताही मोजतो, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पाणी दिलेले नसताना दोन्ही एकदम चढले, तर ती ओल नव्हे.

---

मलप्रभा (खानापूर तालुका)

लोरावॅनबद्दल अनुभवावरून सांगतो. जांबोटीच्या बाजूला आमच्या भाताच्या आणि काजूच्या रानात मोबाईलची रेंजच धड नाही, त्यामुळे आम्हाला दुसरा पर्याय नव्हता. आपली सहा ठिकाणे एकाच परिसरात असतील, तर एका घराच्या गच्चीवर एक गेटवे (सेन्सरचे संदेश घेऊन इंटरनेटवर देणारे यंत्र) बसवून भागते. इंटरनेट फक्त त्या गेटवेला लागते आणि सेन्सरना सिम लागत नाही. ती तीन गावांत विखुरलेली असतील, तर आपली सध्याची पद्धतच सोयीची आहे.

खरेदी करताना वारंवारितेकडे लक्ष द्यावे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा यासाठी परवानामुक्त आहे आणि लोरावॅनमध्ये त्याचा प्रदेश आयएन-८६५ या नावाने निवडावा लागतो. बाजारात युरोप आणि अमेरिकेच्या मांडणीचे सेन्सर सर्रास मिळतात. त्यांची मांडणी बदलली नाही तर सेन्सर साद घालत राहतो आणि गेटवे ते ऐकतच नाही. आयएन-८६५ चे तीन मूळ चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. गेटवेतही तेच असल्याचे पाहून घ्यावे.

जोडणी ओटीएए पद्धतीने करावी, म्हणजे सेन्सर हवेतूनच जाळ्यात सामील (जॉइन) होतो. डेव्हईयूआय (सेन्सरची ओळख) आणि जॉइनईयूआय (जॉइन सर्व्हरची ओळख) प्रत्येकी ८ बाइटांचे, अ‍ॅपकी (गुप्त किल्ली) १६ बाइटांची. काही नमुना प्रोग्राम पहिल्या दोन्ही ओळखी उलट्या बाइटक्रमाने मागतात आणि किल्ली मात्र सरळ क्रमाने. जॉइन होत नसेल तर प्रथम हे तपासावे. मी यात चार दिवस घालवले होते.

संदेश छोटा ठेवणे फार महत्त्वाचे आहे. आपण जेसन (नावांसह आकडे मजकुराच्या रूपात लिहिण्याचा साचा) पाठवत असाल तर ते इथे चालणार नाही, कारण सर्वांत संथ गतीला, म्हणजे एसएफ-१२ ला, एका संदेशात ५१ बाइटच मावतात. ओल, तापमान, क्षारता आणि बॅटरी यांना प्रत्येकी २ बाइट दिले की ८ बाइटांत काम होते. एवढा संदेश एसएफ-१२ वर सुमारे दीड सेकंद हवेत राहतो आणि जलद अशा एसएफ-७ वर साधारण ५७ मिलिसेकंद. द थिंग्ज नेटवर्कच्या सामाईक जाळ्यावर प्रत्येक सेन्सरला दिवसाला ३० सेकंद हवेतला वेळ मिळतो. दर १५ मिनिटांनी पाठवल्यास एसएफ-१२ वर ती मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली जाते. म्हणून एडीआर (सिग्नलनुसार गती आपोआप बदलण्याची सोय) चालू ठेवावा आणि गेटवेचा अँटेना उंच लावावा. उसात तर सेन्सरचा अँटेनाही पिकाच्या वर काठीला बांधावा लागेल. आडसाली ऊस वाढला की पाल्यातले पाणी सिग्नल बराच शोषून घेते. शिवाय मातीची ओल १५ मिनिटांत फारशी बदलत नाही. तासाला एक नोंद पुरेशी आहे.

---

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

तिघांचाही ऋणी आहे. पोच घेणारी लायब्ररी जोडल्यापासून सलग नऊ दिवस एकही नोंद गळलेली नाही. दोन वेळा त्याच अनुक्रमांकाची नोंद दुहेरी आली आणि सर्व्हरने ती गाळली. आता अंतर एक तासाचे केले आहे. भावकीतील चारपैकी तीन राने गावातल्या आमच्या गच्चीवरून दिसतात, तिथे लोरावॅनच करायचे ठरले आहे. नदीपलीकडच्या चौथ्या रानात सिमच राहील.

दोन्ही प्रोब चिखलात आडवे बसवून झाले. पाळीनंतरचा नमुना परवा काढला आणि तो वाळवण्यासाठी प्रयोगशाळेत दिला आहे. वाफशाचा दिवस वडील सांगणार आहेत. दुसऱ्या नमुन्यासाठी कडी आणि वजनकाटा त्यांनी स्वतःच खोपीत नेऊन ठेवला आहे.