शब्दचर्चा : विहार, मठ की मढी? (सिरपूरच्या निमित्ताने)

मनीषनगर (प्रश्न; लिहिणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांची नागपुरातली वस्ती दिली आहे) : नागपूरहून रायपूरमार्गे सिरपूरला जाऊन आलो. छत्तीसगडमधलं महानदीच्या काठचं हे गाव म्हणजे दक्षिण कोसल या प्राचीन राज्याची जुनी राजधानी. तिथला आनंदप्रभ कुटी विहार डॉ. मो. गं. दीक्षितांच्या उत्खननात १९५०च्या दशकात उजेडात आला. तिथला राजा महाशिवगुप्त बालार्जुन याच्या काळात आनंदप्रभ या भिक्षूने तो बांधून घेतला, असं तिथल्या शिलालेखावरून कळतं. मधे चौक, भोवती खोल्या, आणि गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध. थंडीतलं ऊन इतकं स्वच्छ होतं, की विटांमधला सांधा न् सांधा दिसत होता.

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी लिहायला बसलो आणि अडलो. ‘विहार’ लिहू की ‘मठ’? त्या खोल्यांना आपल्याकडे नेमकं काय म्हणतात? शीर्षकासाठी एकाने ‘उद्ध्वस्त विहारातला उन्हेरी दिवस’ सुचवलं आहे. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

इंदोरा : दादा, ‘विहार’च लिहा. फक्त नागपूरच्या वाचकाला एक ओळ समजावून सांगा. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्याकडे वस्तीवस्तीत विहार उभे राहिले. आम्ही ‘विहारात चला’ म्हणतो, तेव्हा वंदना, वर्षावासातलं (पावसाळ्यातलं) ग्रंथवाचन, पोरांची अभ्यासिका, लग्नाची बैठकसुद्धा डोळ्यांपुढे येते. तिथे भन्ते म्हणजे भिक्खू येतात, देसना म्हणजे प्रवचन देतात, पण बहुतेक विहारांत कोणी राहत नाही. सिरपूरचा विहार हे भिक्खूंचं राहतं घर होतं. तेवढं लिहिलंत, की आमच्या मुलांना आपला विहार आणि तो विहार यांचं नातं कळेल. ‘मठ’ लिहिलंत तर तेच तुटेल.

महाल : ताईंशी सहमत. थोडी भर घालतो. ‘विहार’चा मूळ अर्थ फिरणं, हिंडणं. ‘जलविहार’, ‘नौकाविहार’ यांत तो अजून आहे. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावं, असा नियम. त्या मुक्कामाच्या जागेला ‘विहार’ म्हणू लागले. हिंडण्याचा शब्द राहण्याच्या जागेला मिळाला, हे मला फार सुंदर वाटतं.

‘मठ’ हा शब्द चुकीचा नाही. युरोपातल्या ख्रिस्ती संन्याशांच्या जागेला मराठीत मठच म्हणतात. पण आपल्या कानाला मठ म्हटलं की गादी, महंत, एखादा संप्रदाय ऐकू येतो.

अमरावतीकडचा एक वाचक : मठाचं जुनं मराठी रूप ‘मढ’. आमच्या रिद्धपूरच्या राजमठाला महानुभावांच्या जुन्या ग्रंथांत ‘राजमढ’ म्हटलेलं आहे. ‘मढी’ त्यातलीच, पाथर्डीजवळच्या गावाचं नावही तेच. आज मात्र जपून वापरा. ‘मढं’ म्हणजे प्रेत हा अर्थ लोकांच्या मनात आधी येतो.

महाल : आता खोल्यांचं. यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे : ओवरी. मोठ्या देवळाच्या आवाराला लागून ओवऱ्या असतात, त्याच. संस्कृत ‘अपवरक’ म्हणजे आतली खोली, त्यावरून तो आला. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याची मुलगी दक्षमित्रा हिच्या दानाचा लेख आहे. तिने भिक्खूंसाठी जे दान दिलं, त्याला त्या प्राकृत लेखात ‘ओवरक’ म्हटलं आहे. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूच्या खोलीला जो शब्द होता, तोच झिजून आज आपल्या तोंडी आहे. हाताशी असा शब्द असताना ‘कक्ष’ आणि ‘प्रकोष्ठ’ कशाला?

धरमपेठ : ओवरी आवडली, पण एक शंका. आजच्या वाचकाला ओवरी म्हणजे समोरून उघडी, यात्रेकरूने पथारी टाकावी अशी जागा वाटते. सिरपूरच्या खोल्यांना तर दारं होती ना?

मनीषनगर : होती. दगडी उंबरे जागेवर आहेत.

महाल : मग पहिल्यांदा ‘भिक्खूंच्या खोल्या, म्हणजे ओवऱ्या’ असं लिहा आणि पुढे खुशाल ओवरी वापरा. वाचक सरावतो.

धरमपेठ : ‘उद्ध्वस्त’ खटकतं, कारण त्यात कोणीतरी पाडलं हा अर्थ येतो. वाचक लगेच विचारणार, कोणी? तुमच्या लेखात त्याचं उत्तर नसेल तर तो शब्द नको. ‘पडका’ वाड्याला शोभतो, पण जमिनीखालून खणून काढलेल्या वास्तूला नाही. नागपुरात सर्रास ‘खंडर’ म्हणतात, त्याला भुताटकीचा वास आहे. ‘भग्नावशेष’ बरोबर, पण शीर्षकात जड होतं. रामटेकजवळच्या मनसरला उत्खननातले अवशेष बघायला जाणारे बघा, ‘हिडिंबा टेकडी पाहून आलो’ एवढंच म्हणतात. तुम्हीही नुसतं ‘सिरपूरचा विहार’ म्हणा. अवशेष आहेत हे पहिल्या परिच्छेदात आपोआप कळेल.

इंदोरा : आणि ‘उन्हेरी दिवस’ काढाच. आपण ऊन ‘पडलं होतं’ म्हणतो, दिवसाला उन्हेरी म्हणत नाही. थंडीतलं असेल तर ‘कोवळं ऊन’, दुपारचं असेल तर ‘लख्ख ऊन’. पावसानंतरचं असतं तर ‘उघडीप’ म्हटलं असतं. मे महिन्यात गेला असतात, तर आपल्या वैदर्भी ‘तपन’शिवाय (रखरखीत ऊन) दुसरा शब्दच सुचला नसता.

मनीषनगर : सकाळी नऊच्या सुमाराचं होतं, तेव्हा ‘कोवळं’. शीर्षक ‘सिरपूरचा विहार’ ठेवतो. ओवरीचा आणि दक्षमित्रेच्या लेखाचा स्वतंत्र परिच्छेद करतो आहे. ‘ओवरक’चं वाचन कुठल्या क्रमांकाच्या लेण्यात आहे, ते महालच्या काकांनी सांगितलं तर तेही घालीन.

महाल : दहाव्या. नहपान विहार म्हणतात त्याला.