मदत हवी आहे : ग्रॅनाडा, आईचे गुडघे आणि अल्हाम्ब्रातलं पाणी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई (वय ७४) स्पेनला निघालोय. व्हिसा हातात आलाय. माद्रिदला दोन रात्री, तिथून रेल्वेने ग्रॅनाडा, तिथे चार रात्री आणि परतताना कॉर्दोबाला एक रात्र असा बेत आहे. अडलंय ते ग्रॅनाडाशी.

आधी थोडं आईबद्दल सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. तिचं बालपण औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) बेगमपुऱ्यात गेलं, पाणचक्कीपासून हाकेच्या अंतरावर. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, कुठल्याही पंपाशिवाय येतं आणि उंचावरून हौदात कोसळतं, हे तिने लहानपणी रोज पाहिलंय. मलिक अंबरच्या नहरींचा (शहराला पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या कालव्यांचा) विषय निघाला की ती आजही जेवण विसरते. तिने कुठेतरी वाचलं, की अल्हाम्ब्राच्या (ग्रॅनाडातल्या मध्ययुगीन सुलतानांच्या किल्ला-राजवाड्याच्या) टेकडीवर पाणीच नव्हतं. १३व्या शतकात दारो नदीचं पाणी साधारण सहा किलोमीटर वरून वळवून, 'असेकिया रेआल' नावाच्या पाटाने तिथे नेलं आणि मगच राजवाडे उभे राहिले. तेव्हापासून एकच धोशा : "मला तो पाट बघायचाय."

आईच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास आहे. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालते, मग दहा मिनिटं बसावं लागतं. पंधरा-वीस पायऱ्या कठडा धरून चढते, त्यापुढे नाही. दोन वर्षांपूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर परदेशी गेलो होतो. गाईड झेंडा घेऊन पुढे पळायचा. एका राजवाड्याबाहेर आई म्हणाली, तू जाऊन ये, मी बसते. मी गेले आणि दीड तासाने परत आले, तर ती त्याच बाकावर, पर्स मांडीवर धरून, दरवाजाकडे बघत बसली होती. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून या वेळी आम्ही दोघीच जातोय.

अल्हाम्ब्राची तिकिटं दोघींच्या नावाने आणि पासपोर्ट क्रमांकाने काढलीत. त्यातल्या नासरी राजवाड्यांची (सुलतानांच्या महालांची) वेळ ११.३० मिळाली आहे. आधी हेनेरालिफेची (सुलतानांच्या उन्हाळी महालाची) बाग करावी की नंतर? पाट नेमका कुठे दिसतो, आणि तो किती पायऱ्यांवर आहे? हॉटेल अल्बाइसिनमध्ये (समोरच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत) घेतलंय, कारण समोर अल्हाम्ब्रा दिसतो. पण फोटोत गल्ल्या चढाच्या दिसतात, ते बघून आता धाकधूक वाटतेय. शिवाय आई शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. आणि कॉर्दोबाला एकच दिवस असेल तर काय सोडू नये?

ज्यांनी वयस्कर माणसांना नेलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी हॉटेल बदला. अल्बाइसिनच्या गल्ल्यांत नदीतले गोटे उभे बसवलेले आहेत, काठी त्यांत अडकते. बऱ्याच ठिकाणी टॅक्सी दारापर्यंत येत नाही. प्लाझा नुएव्हाच्या आसपास, खालच्या सपाटीवर राहा. समोरचा देखावा सान निकोलासच्या चौकातूनच बघायचा, तिथे जायला लाल छोट्या बस आहेत. संध्याकाळी जा. ऊन उतरताना तटबंदी तांबूस होते आणि मागे सिएरा नेवाडाचे डोंगर दिसतात. 'अल्-हम्रा' म्हणजे 'तांबडी' हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

अल्हाम्ब्राला चालत चढू नका. सी-३० किंवा सी-३२ बस घ्या आणि हेनेरालिफेच्या बाजूच्या मुख्य प्रवेशाशी उतरा. पासपोर्ट मूळच न्या, तो आत वारंवार तपासतात. ११.३० ची वेळ अगदी काटेकोर पाळतात, उशीर झाला तर नासरी राजवाडे गेलेच समजा. मुख्य प्रवेशापासून तिथवर आईंच्या चालीने अर्धा तास धरा. एकदा आत गेलात की मात्र कोणी घाई करत नाही, हवं तितकं थांबा. बाहेर पडल्यावर पुन्हा प्रवेश नाही.

प्रतिसाद २

मी सासूबाईंना नेलं होतं, त्यांचंही वय तेवढंच. माझं मत : सकाळी साडेआठला दार उघडतं तेव्हाच आत जा आणि आधी हेनेरालिफे करा. तिथल्या लांबट चौकाचं नावच 'पातिओ दे ला असेकिया', पाटाचा चौक. मधोमध जे पाणी वाहतं तोच तुमच्या आईंचा असेकिया रेआल. दोन्ही बाजूंची कमानदार कारंजी पुष्कळ नंतरची, १९व्या शतकातली. आईंना सांगा, कारंज्यांकडे नाही, खालच्या पाटाकडे बघायचं.

नासरी राजवाड्यांत मेंदीच्या चौकातला मोठा हौद बघा. पाणी हलत नाही, कोमारेसचा अख्खा बुरूज त्यात उलटा उभा असतो. मग सिंहांचा चौक. बारा संगमरवरी सिंह, आणि चारही बाजूंच्या दालनांतून जमिनीतल्या बोटभर खोल पन्हळींनी मध्यावर येणारं पाणी. कारंज्याच्या कडेवर इब्न झम्राक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. तिचा आशय असा, की पाणी आणि संगमरवर इतके एकरूप झालेत की वाहतंय कोण ते कळत नाही. सासूबाई तिथे वीस मिनिटं बसल्या, आणि मीही.

अल्काझाबाचा (जुन्या किल्ल्याचा) बुरूज सोडा, तिथे नुसत्या पायऱ्या आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून अल्हाम्ब्रा संध्याकाळी सहाला बंद होतं. तरी तुमची वेळ ११.३० ची आहे, त्यामुळे निवांत होईल.

प्रतिसाद ३

खाण्याचं लिहितो. ग्रॅनाडात पेयाबरोबर तापास (छोट्या बशीतलं तोंडीलावणं) फुकट येतात, पण त्यांत हमखास हॅम असतं. मागवतानाच 'सिन हामोन, सिन कार्ने, सिन ऊएव्हो' म्हणा : हॅम नको, मांस नको, अंडं नको. उसाच्या काकवीबरोबर तळलेली वांगी, 'बेरेन्हेनास कोन मिएल', आईंना नक्की आवडतील. पिठात अंडं नाही ना, एवढं विचारा. तोर्तियामध्ये (बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये) अंडं असतंच. कॉर्दोबाचं साल्मोरेहो (गार, घट्ट सूप) टोमॅटोचं असलं तरी वरून अंडं आणि हॅम भुरभुरतात.

कॉर्दोबात मशीद-कॅथेड्रल सोडू नका. बांधकाम ८व्या शतकात सुरू झालं, आठशेहून जास्त खांब आहेत, आणि आत सगळं सपाट. बाहेरच्या चौकात नारिंगाची झाडं ओळीने लावलीत आणि झाडाझाडाला पाणी पोचवणारे दगडी पाट अजून आहेत. स्पॅनिशमध्येही त्या फळाला 'नारान्हा'च म्हणतात. मग रोमन पुलाशी जा. शेजारीच नदीत 'आल्बोलाफिया'चा मोठा रहाट आहे, नदीचं पाणी उचलून राजवाड्याकडे द्यायला बांधलेला. पाणचक्कीच्या अंगणात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं!

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉटेल आजच बदललं, आता प्लाझा नुएव्हापासून दोन मिनिटांवर आहोत. प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. रहाटाचं ऐकून तिने चष्मा काढून पुसला. तिचा एक प्रश्न आहे : हेनेरालिफेत म्हणे एक जिना आहे, ज्याच्या कठड्यातून पाणी वाहतं. तिथे तिला जाता येईल का?

प्रतिसाद २

हो, 'एस्कालेरा देल आग्वा', पाण्याचा जिना. तो वरच्या बागेत आहे, तिथवर पोचायलाच पायऱ्या चढाव्या लागतात. त्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते बघून ठरवा. गेलात तर पूर्ण चढायची गरज नाही, पहिल्या पायरीशी उभं राहिलं तरी कठड्यावरची पन्हळ हाताशी येते. मी हात बुडवला होता. पाणी गार होतं आणि बोटांना चांगलाच ओढा जाणवत होता.