भिंतीत दोनच वायरी आहेत, स्मार्ट थर्मोस्टॅट बसेल का?

गारठा_२१
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. घर जुनं आहे, घर गरम करायला गॅसची फर्नेस, म्हणजे भट्टी, आणि ती चालू-बंद करणारा भिंतीवर तो गोल, चक्री फिरवायचा थर्मोस्टॅट. आईला संधिवात आहे, तिला ती चक्री फिरवता येत नाही आणि बारीक आकडेही दिसत नाहीत, रात्री गारठली तरी आम्हाला उठवायचं नाही म्हणून पांघरूण ओढून तशीच पडून राहते. म्हणून स्मार्ट थर्मोस्टॅट आणला, म्हणजे मला फोनवर तापमान कळेल आणि तिला नुसतं बोलून वाढवता येईल. जुना काढला तर मागे दोनच वायरी, लाल आणि पांढरी. नव्याच्या माहितीपत्रकात सी वायर लागते असं लिहिलंय पण बरेच जण म्हणत होते त्याशिवायही चालतो, म्हणून लाल वायर आर लिहिलेल्या स्क्रूला आणि पांढरी डब्ल्यू लिहिलेल्या स्क्रूला लावून टाकली. दोन दिवस मस्त चालला. तिसऱ्या रात्री फर्नेसमधून टक टक टक आवाज यायला लागला, सकाळी वायफाय गेलं आणि दुपारी स्क्रीनच बंद. सध्या जुना परत लावलाय. भिंत न फोडता काही करता येईल का?

पक्कड
जुना परत लावलात ते उत्तम केलंत. काय झालं ते सांगतो. जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःला वीज लागतच नाही, तो म्हणजे निव्वळ बटण आहे. फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर लाल वायरीतून २४ व्होल्टची एसी वीज वर थर्मोस्टॅटकडे पाठवतो, खोली गार झाली की थर्मोस्टॅट लाल आणि पांढरी एकमेकींना जोडतो, की फर्नेस पेटली. नव्याला वायफाय आणि स्क्रीनसाठी चोवीस तास वीज पाहिजे आणि त्यासाठी परतीची वायर पाहिजे, तीच सी. ती नसली की तो फर्नेस बंद असतानाही पांढऱ्या वायरीतूनच थोडाथोडा करंट ओढून आतली बॅटरी चार्ज करत राहतो, आणि हा करंट जातो फर्नेसच्या सर्किटमधून. फर्नेसमधल्या काही कंट्रोल बोर्डांना तेवढ्यानेच चालू व्हायचा हुकूम आल्यासारखं वाटतं, रिले, म्हणजे विजेवर चालणारा आतला छोटा स्विच, अर्धवट ओढला जातो आणि सुटतो. तुमची टकटक बहुतेक तीच. दुसऱ्याकडे सी शिवाय चालला म्हणून तुमच्याकडे चालेल असं नसतं, सगळं त्या बोर्डावर आहे.

आता भिंत सोडा आणि खाली फर्नेसपाशी जा. मेन स्विच बंद करून पॅनेल उघडा, बोर्डावर सी लिहिलेला स्क्रू आहे का बघा आणि वर जाणाऱ्या केबलमध्ये खरोखर किती वायरी आहेत ते मोजा. खरं उत्तर त्या टोकाला असतं.

निळी_वायर
पक्कड म्हणतात ते शंभर टक्के खरं. आमच्याकडेही भिंतीत दोनच दिसत होत्या. केबल अलगद इंचभर बाहेर ओढून वरचं आवरण थोडं सोललं तर हिरवी आणि निळी मागे दुमडून केबललाच गुंडाळून ठेवलेल्या! खालच्या टोकालाही तसंच. निळी दोन्हीकडे सी ला लावली, मीटरवर आर आणि सी मध्ये २६ व्होल्ट आले, त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही.

पण एक कळकळीने सांगते, मेन स्विच बंद केल्याशिवाय वायरीला हात लावू नका. मी घाईत नुसता थर्मोस्टॅट ऑफ केला होता, लाल वायरीचं टोक सी ला टेकलं आणि बोर्डावरचा ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज उडाला, गाडीत असतो तसलाच छोटा चपटा. घरात दुसरा नव्हता, सगळ्यांनी रात्र कुडकुडत काढली. आधीच एक आणून ठेवा.

गारठा_२१
बघून आलो. बोर्डावर सी आहे, मोकळाच आहे. पण केबलमध्ये दोन्ही टोकांना दोनच वायरी, लपवलेलं काही नाही. जुनीला बांधून नवी केबल ओढायचाही प्रयत्न केला पण आत खिळपट्ट्या मारल्यात बहुतेक, बोटभरसुद्धा हलत नाही. आणि थर्मोस्टॅट पॅसेजमध्ये आहे, जवळपास प्लग नाही, त्यामुळे वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावायचा तर वायर भिंतीवरून लांबवर लोंबत येईल.

पक्कड
मग कामाची वाटणी बदला. काही वायरलेस संचांमध्ये एक रिसीव्हर मिळतो, तो फर्नेसपाशी बसतो, बोर्डावरच्या आर आणि सी वरून वीज घेतो आणि पेटवायचं काम त्याच्यातला रिले करतो, म्हणजे आर आणि डब्ल्यू तिथेच खाली जोडले जातात. हुकूम वरून रेडिओने येतो. मग तुमच्या भिंतीतल्या दोन वायरी मोकळ्या झाल्या ना, त्या खाली आर आणि सी ला लावा आणि थर्मोस्टॅटला फक्त वीज द्यायला वापरा. मात्र संच घेताना थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर चालतो हे बघूनच घ्या, नुसत्या सेलवर चालणारेही असतात. पांढरी वायर आता सी झाली, तर तिला दोन्ही टोकांना निळी टेप गुंडाळा, पुढे कुणी रंग बघून डब्ल्यू ला लावली तर पंचाईत.

आणि वायरी येतात ते भिंतीतलं भोक पुट्टीने बुजवा. आतून गार हवा येते, ती थेट सेन्सरवर लागते आणि खोली ऊबदार असली तरी फर्नेस चालूच राहते.

जुनं_घर
इतर वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फर्नेसऐवजी गरम पाण्याने घर तापवणारा बॉयलर असेल आणि त्यावर नुसते टी टी असे दोन स्क्रू असतील तर त्यातला एक सी समजून काही जोडू नका, तिथे वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि मध्ये दोन्ही सर्किट वेगळी ठेवणारा आयसोलेशन रिले लागतो. आणि थर्मोस्टॅटमागच्या वायरी जाड, टोप्या लावलेल्या असतील तर तो १२० किंवा २४० व्होल्टचा इलेक्ट्रिक हीटर असू शकतो, २४ व्होल्टवाला स्मार्ट थर्मोस्टॅट त्याला अजिबात लावायचा नाही. त्यासाठी वेगळे मिळतात. गारठा, तुमच्या जुन्या गोल थर्मोस्टॅटमध्ये काचेच्या नळीत चांदीसारखा थेंब हलत असेल तर तो पारा आहे, कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेतात तिथे द्या.

गारठा_२१
बसला! रिसीव्हर खाली, वर दोन वायरींवर वीज, मीटरवर २७ व्होल्ट. आठ दिवस झाले, टकटक नाही, वायफाय एकदाही गेलं नाही. पाऱ्याची नळी होतीच, डब्यात कापसात ठेवलीये, उद्या देऊन येतो. काल पहाटे चारला फोनवर दिसलं की कुणीतरी तापमान दोन अंशांनी वाढवलंय. आईच होती. पक्कड, निळी_वायर, जुनं_घर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.